दुसऱ्या गावातली प्रत

(बुलढाणा येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, पाणी, शेती, सहकार अशा विषयांवर अभ्यासू माणसे बोलली आहेत. बंद पडलेल्या सर्व्हरमधून हरवलेला डेटा परत कसा मिळवतात, हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांनी लगेच होकार दिला. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. हा विषय आता इंजिनिअरांपुरता राहिलेला नाही. पतसंस्थेची खतावणी, बाजार समितीच्या काटापट्ट्या, शाळेचा दाखल-खारीज, दवाखान्यातले एक्स-रे, फोटो स्टुडिओतली गावाची सगळी लग्ने, हे सारे घाटावर असो की घाटाखाली, कुठल्या तरी खोलीतल्या एका पेटीत जाऊन बसले आहे. त्या पेटीत चार, सहा, आठ हार्ड डिस्क असतात. पेटी विकत घेताना सांगितलेले असते की यातली एक डिस्क गेली तरी डेटा जाणार नाही. हे खरे असते. आणि त्या खऱ्या वाक्यावर विसंबूनच बहुतेकांचा डेटा उडतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हरवलेले परत मिळते ते प्रतींच्या संख्येमुळे मिळत नाही. त्या प्रती एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत, त्यावर सगळे ठरते. ही गोष्ट संगणकाच्या लोकांना अनुभवाने कळली. पोथ्यांवर काम करणाऱ्या मंडळींना ती कितीतरी आधीपासून ठाऊक होती, आणि त्यांतले एक थोर अभ्यासक आपल्याच जिल्ह्यातले होते. त्यांच्याकडे मी थोड्या वेळाने येईन. आधी ती पेटी उघडू.

अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या या पद्धतीला रेड म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तिघांनी १९८८ साली लिहिलेल्या निबंधाने ती जगभर रुजली. त्या काळी मोठ्या संगणकांना एकेक अवाढव्य, महागडी डिस्क लागे. तिच्याऐवजी छोट्या संगणकांतल्या स्वस्त डिस्क शेकड्याने जोडल्या तर काम वेगाने होईल, हा त्यांचा मुद्दा. अडचण एकच होती आणि ती त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या जथ्यात कुठली तरी एक ३०० तासांतच जाणार, म्हणजे दोन आठवडेही पुरे व्हायच्या आत. म्हणून डेटाबरोबर थोडी जादा माहिती साठवायची, जिच्यावरून गेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा काढता येईल.

ती जादा माहिती कशी असते? किर्दीच्या पानावर चार रकमा आणि खाली त्यांची बेरीज आहे असे समजा. शाई सांडून तिसरी रक्कम दिसेनाशी झाली, तरी बेरजेतून उरलेल्या तिन्ही वजा केल्या की ती हातात येते. दोन रकमा गेल्या, तर बेरीज समोर असूनही काही करता येत नाही. संगणक बेरजेऐवजी सम-विषम पाहतो. सगळ्या डिस्कांवर त्याच जागी असलेल्या बिटांमध्ये १ हा अंक विषम वेळा आला असेल तर पॅरिटी १ लिहितो, सम वेळा आला असेल तर ०. रेड ५ या प्रकारात ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर वाटलेली असते. रेड ६ मध्ये दुसरी, वेगळ्या गणिताने काढलेली पॅरिटीही असते. तिचे बीज रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांच्या १९६० सालच्या कामात आहे. दोन अज्ञात आणि दोन समीकरणे, त्यामुळे तिथे दोन डिस्क गेल्या तरी निभते.

गणित निर्दोष आहे. खोट त्याच्या गृहीतकात होती. एक डिस्क बिघडण्याचा दुसरी बिघडण्याशी संबंध नसतो, असे १९८८ च्या हिशेबात धरलेले होते. त्या तिघांपैकी गार्थ गिब्सन पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. २००७ साली त्यांनी बियांका श्रोडर यांच्यासह सुमारे एक लाख डिस्कांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदावरच्या आकड्यांप्रमाणे वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, कुठे कुठे तेराही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिघाड एकटे येत नव्हते. एक झाला की दुसरा लवकर होण्याची शक्यता वाढलेली दिसत होती. ज्या गृहीतकावर आपले नाव जगभर झाले, तेच एकोणीस वर्षांनी स्वतः तपासून ते अपुरे आहे असे छापून सांगणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

असे का होते, ते आपल्या अनुभवाच्या भाषेत सांगतो. पेटीतल्या चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच घाण्यातून आलेल्या असतात. त्या तितकेच तास फिरतात. मलकापूर-शेगावकडच्या मे महिन्यातला उकाडा चौघींना सारखाच लागतो, लाइट गेल्यावर झटका चौघींना एकदमच बसतो. याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये जगासमोर आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले की तिच्या काही एसएसडींच्या, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्कांच्या, अंतर्गत प्रोग्रॅममध्ये दोष आहे, आणि बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात. तीन वर्षे, दोनशे सत्तर दिवस आणि आठ तास. बंद पडल्यावर त्यांतला डेटाही मिळणार नव्हता. एकाच दिवशी एका पेटीत बसवलेल्या आठ एसएसडी असतील तर आठही एकाच वेळी जाणार. तिथे पॅरिटी एक असो की दोन, तिचा उपयोग शून्य.

आता नेहमीचा बिघाड कसा होतो ते पाहा, कारण तो अचानक फार कमी वेळा होतो. पहिली डिस्क जाते तेव्हा कुणाचे काही अडत नाही. लाल दिवा लागतो, पेटी पिपाणीसारखा आवाज करू लागते. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवतो. फायली उघडत राहतात, कारण गेलेल्या डिस्कवरचा मजकूर पेटी दर वेळी गणित करून काढत असते. असे महिनोन्‌महिने चालते. मग एका दिवशी दुसरी डिस्क अडखळते आणि सर्व्हर बसतो.

कधी कधी पहिल्या डिस्कच्या जागी नवी बसवतात आणि पेटी रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा मजकूर काढून नवीवर लिहिणे, सुरू करते. खरी कसोटी तिथे असते. आठ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर उरलेल्या तिघींवरचे सगळे, म्हणजे २४ टेराबाइट, अथपासून इतिपर्यंत वाचावे लागते. कोपऱ्यातल्या ज्या जागा वर्षानुवर्षे कुणी वाचल्या नव्हत्या, त्याही. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात अनेकदा लिहिलेले असते की १ वर १४ शून्ये इतके बिट वाचताना एखादी जागा वाचता न येणे शक्य आहे. ते सुमारे साडेबारा टेराबाइट होतात. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, तरीही जुन्या, थकलेल्या डिस्कांना तासन्‌तास सलग पळवण्याची हीच सर्वांत वाईट वेळ असते. तिथेच दुसरी डिस्क मान टाकते.

अशी पेटी समोर आली की पहिले काम ती बंद करण्याचे. डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर तिच्या खणाचा क्रमांक लिहायचा. कुठलेही बटण दाबून बघायचे नाही. इनिशिअलाइझ, रिबिल्ड, दुरुस्ती, यांतला प्रत्येक हुकूम डिस्कवर काहीतरी लिहितो, आणि लिहिलेले खालच्या मजकुरावर बसते. मी पाहिलेल्या प्रकरणांत मूळ बिघाडाने जितके नुकसान केले होते, त्याहून अधिक नंतरच्या अर्ध्या तासातल्या धावपळीने केले होते. त्यात चूक त्या माणसांची नसते. बाहेर सभासद रांगेत उभे असतात, मॅनेजर घामाघूम असतो, आणि पडद्यावर ‘दुरुस्त करू का?’ असे विचारणारा चौकोन आलेला असतो. अशा वेळी हात मागे घ्यायला कुणी शिकवलेले नसते.

मग प्रत्येक डिस्कची बिट न्‌ बिट नक्कल करायची. डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये लेखन अडवणारे यंत्र लावतात. त्यासाठी वापरली जाणारी डीडीरेस्क्यू ही आज्ञावली मला फार आवडते. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी ती लिहिली आणि जगाला फुकट दिली. ती आजारी डिस्कशी घाई करत नाही. आधी जे सहज वाचता येते ते सगळे उचलते. अडलेल्या जागा सोडून पुढे जाते आणि त्यांचा नकाशा ठेवते. सोपे सगळे हाती आल्यावर अडलेल्या जागांच्या कडा कोरत आत शिरते, आणि अगदी शेवटी एकेका सेक्टरसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. डिस्क मध्येच कायमची गेली, तरी तोवरचे बहुतेक सगळे सुरक्षित असते. या नकाशाचे महत्त्व मी पुढे सांगणार आहे.

डिस्क खडखड करत असेल, तर तिचे डोके म्हणजे हेड बिघडलेले असते. मिनिटाला ७,२०० वेळा फिरणाऱ्या चकतीवरून हे हेड काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण त्या अंतराच्या मानाने डोंगराएवढा असतो. अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडावी लागते, तिच्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून ती जेमतेम नक्कल होईपर्यंत चालवतात. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही कानोकानी सांगितला जातो. कृपा करून तो करू नका. बाहेर काढताच आतल्या चकतीवर दव धरते.

नकला हातात आल्या की मूळ डिस्क कपाटात जातात. इथून पुढचे काम मला सर्वांत प्रिय आहे. पेटीतल्या डिस्क चालवणारा कंट्रोलर गेलेला असेल, तर मजकूर कोणत्या क्रमाने कापून वाटला होता हे सांगणारे कुणी उरलेले नसते. प्रत्येक फाइलचे तुकडे, समजा ६४ किंवा ५१२ किलोबाइटचे, एकेका डिस्कवर क्रमाने टाकलेले असतात. आपल्याला शोधायचे असते की पहिली डिस्क कोणती, तुकडा केवढा, पॅरिटी कोणत्या दिशेने सरकते आणि डेटा डिस्कच्या नेमक्या कोणत्या जागेपासून सुरू होतो. त्यासाठी मजकूरच साक्ष देतो. पीडीएफ, फोटो, झिप या प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरलेली अक्षरे असतात. पॅरिटीचे तुकडे बहुधा अर्थहीन गिचमिड दिसतात. आणि पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये एक मोठी सोय असते, ती म्हणजे व्हाउचरचे क्रमांक. एका डिस्कवरचा तुकडा ज्या क्रमांकाला संपतो, त्याच्या पुढचा क्रमांक दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर सापडतो. तिथून तिसरीवर. दोन-चार ठिकाणी असे सांधे जुळले की डिस्कांचा क्रम ठरतो. एखाद्या कारकुनाने रोज संध्याकाळी नेमाने टाकलेल्या क्रमांकांवरून सगळी पेटी पुन्हा उभी राहताना मी पाहिली आहे. त्या माणसाला आपल्या शिस्तीचा असा उपयोग होईल हे कधी कळलेही नसेल.

यानंतर येतो तो प्रश्न ज्यात चांगले जाणकारही फसतात. दोन डिस्क गेल्या आहेत, त्यांतली आधी कोणती गेली? सहा महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली डिस्क पुष्कळदा नुसती दमलेली असते. आज ती पुन्हा लावली तर वाचताही येते. मोह होतो की तिला घेऊन आकडा पुरा करावा. पण तिच्यावरचा मजकूर सहा महिने शिळा आहे. तिला बाकीच्यांत मिसळले तर फायली उघडतात, फोल्डर दिसतात, सगळे आनंदतात, आणि एखाद्या सभासदाच्या खात्यावर जुनी शिल्लक आणि नवी तारीख एकत्र येते. अजिबात न उघडणारी फाइल परवडली, कारण ती आपण गमावली हे निदान कळते. चुकीची पण नीट दिसणारी शिल्लक कुणाला तरी न्यायालयात उभे करू शकते. म्हणून लिनक्सच्या पद्धतीत प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा जो क्रमांक वाढत जातो तो तपासायचा, फाइल व्यवस्थेच्या रोजनाम्यातल्या शेवटच्या तारखा पाहायच्या, सगळ्यांची पॅरिटी कुठपर्यंत शून्याला मिळते आणि कुठून बिनसते ते पाहायचे. जी मागे राहिली ती बाजूला ठेवायची. शेवटपर्यंत टिकलेल्या डिस्कची नक्कल कितीही फाटकी असो, काम तिच्यावरच करायचे.

आता मी मघाशी वचन दिलेल्या माणसाकडे येतो. डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचा. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे आयुष्यभराचे काम मात्र महानुभाव साहित्यावरचे. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले.

लीळाचरित्र म्हणजे श्रीचक्रधर स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ. आपले मेहकर आणि लोणार त्यात आहेत. स्वामी गेल्यानंतर, साधारण १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी तो आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. पद्धत अशी, की जी घटना जिच्यासमोर किंवा ज्याच्यासमोर घडली, त्या व्यक्तीला गाठून तिच्याकडून ती ऐकायची आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांची सत्ता कोसळत असतानाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली.

ती परत मिळाली, कारण ती माणसांना पाठ होती. त्यांतल्या हिराइसांच्या स्मरणशक्तीचे नाव पंथात आजही आदराने घेतात. वेगवेगळ्या शिष्यांनी आपापल्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, साहजिकच एकाहून अधिक पाठ तयार झाले. त्या मंडळींनी जे केले ते मला थक्क करते. आठवणींत फरक पडला तेव्हा त्यांनी तो घासूनपुसून एकसारखा केला नाही. एकाची हकिगत दिली आणि दुसऱ्याच्या आठवणीत ती वेगळी होती हेही तिच्याशेजारी नोंदवून ठेवले. सातशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात, संकटात सापडलेल्या माणसांनी, ज्याच्यावर त्यांची पराकोटीची श्रद्धा होती अशा मजकुराबाबत हा प्रामाणिकपणा दाखवला.

कोलत्यांसारख्या संपादकांपुढे मठामठांतल्या पोथ्यांचा ढीग असतो तेव्हा ते बहुमत घेत नाहीत. दहा पोथ्यांत एक शब्द आणि दोन पोथ्यांत दुसरा, म्हणून दहांचा शब्द खरा ठरत नाही. आधी पाहायचे की या दहा पोथ्या कुठून आल्या. दहाही जणींत तीच ओळ गळलेली असेल, त्याच जागी तोच चुकीचा शब्द असेल, तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या आहेत आणि साक्षीला त्या दहा मिळून एकच. दूरच्या मठात, वेगळ्या परंपरेने आलेली एकुलती पोथी त्यांच्या बरोबरीची ठरू शकते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम याच शिस्तीवर उभे राहिले. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एका शब्दावर जुळली, तर तो शब्द फार जुना, कारण त्या दोघींनी एकमेकींचे पाहून लिहिलेले असणे कठीण.

श्रोडर आणि गिब्सन यांनी एक लाख डिस्कांच्या नोंदींतून जे दाखवले, ते हेच आहे. एका घाण्यातल्या आठ डिस्क एका पेटीत असतील तर साक्षीला त्या जवळपास एकच. रेडची पेटी म्हणजे एका मठात एकाच हाताने उतरवलेल्या पोथ्या. मठाला आग लागली की सगळ्या गेल्या.

आग हा शब्द मी उगाच वापरत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा या राज्याने ते पाहिले आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर खाक झाले. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला. तो फार मोठा आहे म्हणून बाहेर त्याची प्रत ठेवलेलीच नव्हती. आपल्याकडेही यूपीएसच्या बॅटऱ्या सर्व्हरच्या शेजारीच ठेवतात, कारण खोली तेवढी एकच असते.

उलट उदाहरणही सांगतो. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना कुणाच्या तरी हातून एक हुकूम चुकीच्या ठिकाणी दिला गेला आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढून पाहिला तर तो निकामी. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. त्या प्रतीने चित्रपट वाचवला. कंपनीच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा तिचे मोल एकाच गोष्टीत होते, ती वेगळ्या घरात होती.

निकामी बॅकअपबद्दल एक शब्द. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० गीगाबाइटचा डेटा पुसला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण एकही वेळेवर कामी येईना. रोजचा बॅकअप कित्येक दिवस अयशस्वी होत होता आणि तसे कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली. कंपनीने सगळा प्रकार लपवला नाही. दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट पाहू दिली आणि नंतर चुकांसह सविस्तर लिहून काढली. आपल्या संस्थांनी अशा वेळी सभासदांशी असे बोलावे, अशी माझी फार इच्छा आहे.

दोन प्रकरणांत आम्ही हात टेकतो. एसएसडीवरून पुसलेली फाइल बहुतेकदा परत मिळत नाही. मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते. आणि कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट केलेल्या डेटाची किल्ली हरवली तर सगळ्या डिस्क धडधाकट असूनही उपयोग नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. शतकानुशतके बाहेरच्यांना त्यांतले अक्षर लागले नाही. मठांतल्या महंतांनी किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काळापासून हे साहित्य अभ्यासकांना वाचता आले. तुमच्या संस्थेतली किल्ली आज एका माणसाच्या मोबाइलमध्ये असेल, तर तो माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी काय होईल याचा विचार आजच करा. २०२३ साली जुन्या नोंदी शोधण्यासाठी तहसील कार्यालयांतली कपाटे उघडली गेली, तेव्हा कागद शाबूत होते आणि मोडी वाचणारी माणसे मात्र शोधत फिरावे लागले.

मघाशी सोडलेल्या नकाशाकडे येतो. डेटा परत मिळाल्यावर मालकाच्या हाती केवळ नवी डिस्क द्यायची नसते. वाचता न आलेल्या प्रत्येक सेक्टरवर कोणती फाइल होती हे त्या नकाशावरून काढता येते. तशी यादी करून द्यायला हवी: या इतक्या फायली पूर्ण आहेत, या अर्धवट आहेत, या मिळाल्या पण त्यांची नावे गेली आहेत, या खात्याची या तारखेनंतरची नोंद संशयास्पद आहे, ती कागदी पावतीशी ताडून बघा. काही जण ही यादी देत नाहीत. न वाचलेल्या जागा शून्यांनी भरून टाकतात आणि ‘शंभर टक्के रिकव्हरी’ म्हणून बिल करतात. मला याची चीड येते. कोलत्यांच्या परंपरेतला संपादक पोथीतली कसरीने खाल्लेली ओळ स्वतःच्या कल्पनेने भरत नाही. तो तिथे जागा मोकळी ठेवतो आणि तळटीपेत सांगतो की इथे मूळ वाचता येत नाही. ज्यांच्या पैशांचे, आजारांचे, जन्ममृत्यूंचे हिशेब आपण हाताळतो, त्यांना निदान इतके तरी मिळाले पाहिजे.

काय करावे, ते थोडक्यात. रेडची पेटी जरूर ठेवा, तिच्यामुळे एक डिस्क गेली तरी त्या दिवशी कामकाज थांबत नाही. तिच्या आवाजाचे बटण बंद करणाऱ्याला आधी डिस्क बदलायला सांगा. डिस्क घेताना दोन कंपन्यांच्या, निदान दोन वेगवेगळ्या महिन्यांतल्या घ्या. दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवा. तिसरी वेगळ्या गावात ठेवा आणि ती एरवी कुठल्याही वायरला जोडलेली नसू द्या, म्हणजे खंडणीसाठी फायलींना कुलूप लावणारे व्हायरसही तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. आपल्या जिल्ह्यात ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बुलढाण्याच्या संस्थेची प्रत खामगावला ठेवा, खामगावची मेहकरला. घाट मध्ये असला की एकच वीज, एकच पूर, एकच उन्हाळा दोघींना गाठत नाही. सहकारात एकमेकांना जामीन राहायची आपल्याला सवय आहेच, एकमेकांच्या प्रती सांभाळायला अवघड काय?

शेवटची विनंती या व्याख्यानमालेच्या संयोजकांना आहे. जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट तुम्ही मोठ्या मेहनतीने संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. ही भाषणे देणारे काही वक्ते आज हयात नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही. आज दुपारी मी चौकशी केली, तेव्हा हे सगळे वाचनालयाच्या कपाटातल्या एका डिस्कवर आहे असे कळले. उद्या सकाळी मी इथेच आहे. त्या डिस्कच्या दोन नकला आपण करू. एक घाटाखाली जाईल, एक लोणारला. आणि पुढच्या वर्षी पहिले व्याख्यान सुरू होण्याआधी त्या दोन्हींवरचे एकेक भाषण इथे, या सभागृहात, लावून बघा.